बॉल बाहेर जाईस्तोवर

एर्विन, या अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये माझ्यासारखा गोलकीपर झाला नाही आणि होणार पण नाही. समोरची टीम गाडीतनं उतरली की आधी मला शोधायची, आणि मी जर्सी घातलेली दिसली की त्यांचा म्हातारा कोचसुद्धा बूट बांधायला बसायचा, म्हणायचा, आज मीपण एक मारून घेतो.

तू हसणार नाहीस, माहीत आहे मला. तुझं हसणं म्हणजे नाकातनं एकदाच फूऽऽ. त्या एका फूसाठी मी तुझ्यापुढं काय काय सोंगं केली! आता तू गेलास त्याला महिनासुद्धा झाला नाही, आणि मी अजून काहीतरी बोललो की तुझ्या नाकाकडं बघायला जातो.

हे मी बोलतोय आणि आक्का लिहून घेतेय. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तू ओळखतोस. तुझ्या भाषेत ‘डॉक्टरीणबाई’. मी चौथीत शाळा सोडली. शाळेला विचारलंस तर ती म्हणेल आम्हीच त्याला सोडला. त्यामुळं लिहायचं काम तिच्याकडं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापायचं आहे म्हटल्यावर दाजी म्हणाले, “अरे, जर्मन माणसावर मराठीत लिहितोस? तो वाचणार आहे का?”

मी म्हटलं, “दाजी, तो आता इंग्रजी तरी कुठं वाचणार आहे?”

दाजी गप्प बसले. डॉक्टर माणूस गप्प बसला की मला लई बरं वाटतं.

आणि वाचणाऱ्यांनी असं म्हणू नये की बापाच्या वयाच्या माणसाला हा अरेतुरे करतोय. तो मान तूच दिलास. तो पेनल्टीचा दिवस आठवतो? मी उजवीकडं उडी मारायची ठरवली, पाय घसरला, मी जागेवर बसलो, आणि बॉल सरळ येऊन माझ्या तोंडावर बसला. नाकातनं रक्त, पण गोल झाला नाही. सात मोसमांत माझ्याकडनं अडलेली ती एकच पेनल्टी, आणि तीपण नाकानं. संध्याकाळी क्लबात तू दोन छोटे ग्लास भरलेस, माझ्या हातात हात अडकवलास, तसंच वाकडंतिकडं होऊन आपण दोघं प्यालो, आणि तू म्हणालास, आजपासनं आपण एकमेकांना ‘दू’. मला काय कळेना. मग तू समजावलंस की जर्मनमध्ये परक्याला, मोठ्याला वेगळं बोलतात आणि आपल्या माणसाला वेगळं. मी म्हटलं, आयला, हे तर आमच्याकडंपण आहे, तुम्ही आणि तू. तू म्हणालास, “मग इतकी वर्षं इंग्रजीत कशाला बोलतोय आपण?” आणि पुढंपण इंग्रजीतच बोललास. पण मनात मी तुला त्या दिवसापासनं ‘तू’ म्हणतो.

आपली ओळख फाउंड्रीत झाली. मी कोल्हापुरात फाउंड्रीतच होतो, वाळूचे साचे भरायला. आक्कानं मला इकडं आणलं आणि मी परत वाळूतच गेलो. आक्का मंडळातल्या लोकांना सांगायची, “माझा भाऊ मेटलर्जीत आहे.” (हे लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, नाहीतर पुढचं सांगत नाही.) तू आमचा फोरमन. पहिल्या दिवशी डबा खाताना तू विचारलंस, कुठनं आलास. मी म्हटलं, कोल्हापूर. तिथं काय आहे? मी म्हटलं कुस्ती, गूळ आणि फुटबॉल. तू सॅंडविच खाली ठेवलंस.

“फुटबॉल? पायानं खेळतात तो?”

“दुसरा कुठला असतो?”

“खेळतोस?”

मी छाती काढून म्हटलं, “मी कोल्हापूरचा आहे.”

“रविवारी सकाळी ये,” म्हणालास.

मी आलो. तू मला पुढं खेळवलंस. बॉल माझ्याकडं आला की मी बाजूला व्हायचो, लागेल म्हणून. थोड्या वेळानं तू मला बाहेर बोलावलंस.

“तू खेळतो म्हणालास.”

“नाही. मी कोल्हापूरचा आहे म्हणालो.”

“मग कोल्हापुरात काय करायचास?”

“ओरडायचो.”

खरंच सांगितलं मी तुला. आमच्या पेठेची मॅच असली की मी कठड्यावर बसून असा ओरडायचो की दुसऱ्या पेठेची पोरं मला चहा पाजून लांब बसवायची. तू माझ्याकडं बघत राहिलास. मला वाटलं आता घरी पाठवतोय. तू चुन्याची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, रेषा मार. मग मी रेषा मारल्या. त्या बघून तू हिल्डेला, तुझ्या बायकोला हाक मारलीस, “हिल्डे, ये बघ, नदी काढलीय यानं.”

असा मी तुमच्या क्लबात आलो. खेळाडू म्हणून नाही, नकाशे काढणारा म्हणून.

क्लबाच्या खोलीतल्या भिंतीवर फोटो आहेत, दर मोसमाचा एक. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा तुला म्हटलं, हा एकच माणूस अकरा वेळा कशाला उभा केलाय? सगळे सारखे. तेच सोनेरी केस, तेच हात मागं. तुम्ही सगळे एकाच गावचे, आल्टेनरीडचे. लढाईनंतर गावात खायला नव्हतं, एकजण इकडं आला, त्यानं दुसऱ्याला आणलं, त्यानं मेव्हण्याला. फाउंड्रीत कामाला लागलात, आणि घर बांधायच्या आधी मैदान केलंत. बटाट्याचं शेत होतं म्हणे. पहिल्या वर्षी गोल मारला की खालनं बटाटा निघायचा. नावसुद्धा गावाचंच ठेवलं, एस. व्ही. आल्टेनरीड. इथल्या लोकांना ते नाव घेता येत नव्हतं. त्यांनी ‘दि अल्टी’ केलं.

त्या फोटोंत वर्षं पुढं सरकतात तशी गर्दी वाढत जाते. मधल्या फोटोंत दोन-दोन रांगा आहेत, मागं बँडवाले, बायका टोप्या घालून, बाजूला सॉसेज भाजायची शेगडी. तू सांगायचास, तेव्हा आपल्या तीन टीम होत्या, तिसऱ्या टीमला घ्यायला लोक मागं लागायचे. आणि मग रांगा परत बारीक होत जातात. पोरं इथं जन्मली, बॅट घेऊन बेसबॉल खेळायला लागली, नाहीतर डोक्यावर टोप घालून एकमेकांवर आपटायला लागली. तुझा स्वतःचा मुलगा एकदा तुला म्हणाला, “डॅड, नोबडी वॉचेस दॅट.” हे तू मला सांगितलंस तेव्हा रागानं नाही, असंच, भिंतीकडं बघत. मग फाउंड्रीत माणसं कमी केली, लोक गाव सोडून गेले. शेवटच्या फोटोंत मेक्सिकोचा बेनी आहे, त्याचा भाऊ आहे, शाळेतला पोलिश मास्तर आहे, आणि कडेला मी, डोळे मिटलेले. सगळ्या फोटोंत माझे डोळे मिटलेले आहेत. तू म्हणायचास, मॅचमध्येपण असंच असतं.

आता मी गोलकीपर कसा झालो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

मी चुनावाला असतानाची गोष्ट. तुमच्यातला एक जुना माणूस वारला, पूर्वी लेफ्ट आउटला खेळायचा. पुढच्या रविवारी मॅच सुरू झाली, आणि मी बाकावरनं बघतोय तर आपली डावी बाजू मोकळी. तिथं कुणीच नाही. मला वाटलं, विसरले. समोरचे त्याच बाजूनं बॉल घेऊन येतायत, आणि आपले बघत उभे. मी ओरडलो, “लेफ्ट! लेफ्ट!” कुणी हलेना. मग मला राहवलं नाही. मी हातातला चुना टाकला आणि आत धावलो, त्या मोकळ्या जागेवर.

रेफ्रीनं शिट्टी मारली. अख्खी टीम माझ्याकडं बघत उभी. कडेला त्या वारलेल्या माणसाची बायको उभी होती, काळा कोट घालून. मी पायजम्यात, हाताला चुना. तू मैदान ओलांडून आलास, माझ्या खांद्याला धरलंस आणि कानात सांगितलंस, “ही त्याची जागा आहे. बॉल पहिल्यांदा बाहेर जाईस्तोवर.”

क्लबाची रीतच होती ती. आपला माणूस गेला की पुढच्या मॅचला तो जिथं खेळायचा ती जागा रिकामी ठेवायची, बॉल पहिल्यांदा रेषेबाहेर जाईपर्यंत. आणि समोरच्या टीमला सांगायचं नाही. शोक आपला आहे, त्यांनी का म्हणून सावकाश खेळायचं? त्या दिवशी त्यांनी त्याच बाजूनं येऊन गोल मारला, आणि तुम्ही कुणी काही बोलला नाहीत.

नंतर मी तुला विचारलं, ही रीत कुणी काढली, पाद्रीबाबानं? तू म्हणालास, छे. पहिल्याच वर्षी एकजण फाउंड्रीत अपघातात गेला. बदली माणूस नव्हताच. दहाच होतो. म्हणून जागा रिकामी राहिली. दुसऱ्या वेळी माणूस होता, पण मग त्या पहिल्याच्या बायकोला काय वाटलं असतं? “बस, इतकंच,” म्हणालास. मला तुझं हे लई आवडायचं. दुसरा असता तर त्यानं देव आणला असता मध्ये.

मला वाटलं होतं त्या दिवशी माझा क्लब संपला. मी जर्सीच्या टोपल्या गाडीत ठेवून गुपचूप निघालो होतो. तू हाक मारलीस. “ज्याला रिकामी जागा बघवत नाही, त्यानं गोलमध्ये उभं राहावं,” म्हणालास, आणि तुझे स्वतःचे हातमोजे माझ्याकडं फेकलेस. मला झेलता आले नाहीत. ते उचलून परत माझ्या हातात देताना तुझ्या तोंडावर जे होतं ते मी विसरणार नाही. पण परत घेतले नाहीस.

क्लब सुरू झाल्यापासनं गोलमध्ये तूच होतास. तुझ्यानंतर मी. मधे कुणी नाही. बघ, इतिहासच आहे हा. फक्त उतरता.

एर्विन, तुला एक सांगायचं राहिलं. दाजींच्या घरी पार्टी असली की पुण्याचे, नागपूरचे डॉक्टर, इंजिनियर यायचे. कुणी विचारायचं, “तुम्ही कशात आहात?” मी म्हणायचो, वाळूत. ते हसायचे, मग मी अजून एक जोक मारायचो, मग अजून एक. बायका म्हणायच्या, तुमचा भाऊ किती विनोदी आहे हो! आणि जेवायच्या वेळी कुठल्या घोळक्यात बसायचं ते मला कळायचं नाही. तुमच्याकडं मला जागा होती. चार खांबांमधली म्हण… नाही, दोनच खांब असतात, आक्का हसतेय. दोन खांबांमधली. तिथं माझ्या मागं कुणी नव्हतं आणि मला तिथनं कुणी उठ म्हणत नव्हतं. पाच-पाच गोल खाऊनसुद्धा नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर त्याचापण जोक झाला असता.

आता खांबाचं बोलू. कारण त्यावरनं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

मी गोलमध्ये आलो त्याच्या पुढच्या वसंतात तू उजवा खांब नवीन बसवायला घेतलास. मी म्हटलं, मोसम सुरू होतोय, आमच्याकडं नारळ फोडतात. तू म्हणालास, फायदा होतो का? मी म्हटलं, तोटा तरी नाही. मग तुझ्या ट्रकमधनं आपण नारळ आणायला शिकागोला गेलो, डेव्हनवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर. तू दुकानात एकेक नारळ उचलून कानाशी धरून बोटानं वाजवत होतास, चीर आहे का बघायला, आपण ओतलेला माल वाजवून बघतो तसा. दुकानदार गुजराती. तो मला म्हणाला, “ए भाई, ये साहब क्या कर रहा है?” मी म्हटलं, इन्स्पेक्शन. त्यानं घाबरून मागचा चांगला माल काढून दिला. मग मी तुला भजी खायला घातली. तू आतली मिरची अख्खी खाल्लीस, आणि सरळ ट्रककडं चालत गेलास. ट्रकला पार्किंगचं तिकीट लावलेलं. तुझे डोळे वाहत होते, आणि तो पोलीस तुला समजावत होता, “सर, सर, इट्स ओन्ली अ टिकेट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो. फोडायला दगड कुठं सापडेना. तुमचं मैदान म्हणजे हिल्डेचं स्वयंपाकघर, एक खडा नाही. मग मी खांबावरच आपटला. नारळ फुटेना. इन्स्पेक्शन केलेला माल होता ना! मी लांबनं पळत आलो आणि दोन्ही हातांनी घातला. नारळ फुटला. खांब कलला.

काँक्रीट तू आदल्या संध्याकाळी ओतलं होतंस. ओलं होतं आत अजून. मला कुठनं माहीत? तू आलास तेव्हा मी खोबरं वाटत होतो. तू खोबरं खाल्लंस, मग गवंड्याची लेव्हल आणून खांबाला लावलीस, आणि तिच्या काचेतला बुडबुडा एका कडेला जाऊन बसलेला मला दाखवलास. बाहेरनं मारल्यामुळं खांब आत कलला होता. वरच्या बाजूला चांगला तीन बोटं.

“तुझा नारळ,” तू म्हणालास.

“तुझं काँक्रीट,” मी म्हणालो. “वाळू जास्त झाली.”

“चाळीस वर्षं वाळूत काम करतोय मी!”

“म्हणूनच सवय लागली असेल.”

झालं. तिथनं सुरू झालं ते शेवटपर्यंत. दर वसंतात तू लेव्हल आणायचास, खांबाला लावायचास, मला हाक मारून बुडबुडा दाखवायचास, आणि म्हणायचास, पुढच्या वर्षी काढून सरळ करतो. आणि रंग मारून निघून जायचास. हिल्डे म्हणायची, “हा सरळ केला तर तुम्ही दोघं बोलणार कशावर?”

यंदाच्या वसंतात लेव्हल आणली नाहीस. ट्रकमधनं उतरलासच नाहीस. काच खाली करून बघत बसलास, मग खोकत राहिलास.

दाजींनी मला आधीच सांगितलं होतं तुझ्या छातीचं. मी घरी आलेल्या पाहुण्यांना हसवत होतो तेव्हा त्यांनी आत बोलावून सांगितलं. बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, “हं, पुढं काय झालं?” आणि मला तो जोक कसा संपतो तेच आठवेना.

हॉस्पिटलमध्ये तुला भेटायला आलो त्या दुपारी हिल्डे कॉफी आणायला खाली गेली होती. तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस? टेबल. कुणाचे किती पॉइंट. आपण शेवटून दुसरे होतो, शेवटची टीम खालच्या गावची, आपल्याहून एक पॉइंटानं मागं, आणि मोसमाची शेवटची मॅच त्यांच्याशीच. जो शेवटी राहील तो लीगमधनं बाहेर. आपल्या खाली दुसरी लीग नव्हती, खाली फक्त बटाटे. बाहेर गेलो असतो तर क्लब संपला होता, दर आठवड्याला मॅच नसेल तर कोण येणार? बरोबरी झाली तरी चाललं असतं. तुला ते तोंडपाठ होतं.

मग म्हणालास, “मी मेल्यावर…”

मी म्हटलं, “जिवंतपणी तुझं ऐकलं नाही, मेल्यावर कशाला सांगतोस?”

“ऐक. मी मेल्यावर तू गोलमध्ये उभा राहा. पहिल्यापासनं.”

मला एकदम कळलं नाही. मग कळलं. आजवर क्लबातले कितीतरी गेले, पण गोलकीपर कधी गेला नव्हता. गोलकीपर एकच होता.

“आणि रीत?” मी म्हटलं.

“रीत माझी. मीच मोडतो.”

“तुझी एकट्याची कशी? त्या लेफ्ट आउटवाल्याच्या बायकोला काय सांगायचं? तिच्यासमोरनं मला ओढत बाहेर नेलंस तू.”

“लेफ्ट आउट वेगळा. गोल रिकामा ठेवतं का कुणी, खुळ्या? पॉइंट पाहिजे आपल्याला.”

“नाही ठेवला तर मग ती रीत कसली?”

तू उठून बसायला लागलास. तुला राग आला की तू उठून उभा राहतोस, ते इथंपण करायला गेलास. मी घाबरलो. म्हटलं, “मर्दा, त्यापेक्षा तू मरूच नकोस. सगळाच प्रश्न मिटतो.”

तू नाकातनं फूऽऽ केलंस. मग नर्स आली, मला बाहेर काढलं. तुझ्याकडनं मिळालेलं ते शेवटचं हसू. पुढच्या वेळी आलो तेव्हा तू झोपेत होतास, आणि मग झोपेतच. म्हणजे भांडण तिथंच राहिलं. मी हो म्हणालो नाही, तू तुझं मागं घेतलं नाहीस.

तुला पुरलं शुक्रवारी. मॅच रविवारी.

कपडे बदलायच्या खोलीत मी सगळ्यांना सांगितलं तू काय म्हणाला होतास. बेनी कॅप्टन. तो म्हणाला, “मग प्रश्न काय आहे, मॅन? म्हातारा म्हणाला उभा राहा, तर उभा राहा. रिकामा गोल ठेवला तर ते सेंटरवरनं मारतील. क्लब जाईल. त्याचाच क्लब!”

पोलिश मास्तर म्हणाला, “पण त्याचीच जागा.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी ठरवायला सांगत होतं, आणि माझ्याकडं एकपण जोक नव्हता. हिल्डे धुतलेल्या जर्सीची टोपली घेऊन दारात आली. काळ्या कपड्यांवरच तिनं कामाचा एप्रन बांधला होता.

“हिल्डे, तू सांग. काय करू?”

“मला काय विचारतोस? गोलकीपर तू आहेस का मी?”

“त्याबद्दल गावात दोन मतं आहेत,” मी म्हटलं.

तिनं माझी जर्सी माझ्या अंगावर टाकली आणि गेली.

रेफ्रीला मी विचारलं, गोलकीपरनं गोलमध्येच उभं राहायला पाहिजे का? तो म्हणाला, मैदानात पाहिजे, कुठं उभा राहतो ते त्याचं तो बघेल. मग मी गेलो आणि आपल्याच बाजूच्या कॉर्नरच्या झेंड्यापाशी जाऊन उभा राहिलो. बेनीनं कपाळाला हात लावला, काहीतरी स्पॅनिश बोलला. आक्काला मी ते सांगितलं, ती लिहीत नाही म्हणते.

शिट्टी झाली. एर्विन, तुला काय सांगू ते कसं दिसत होतं. पांढरे दोन खांब, वरची दांडी, मागं जाळी, आणि मधे काहीच नाही. हिरवं गवत, आणि तू जिथं उभा राहून राहून गवत उगवतच नाही तो मातीचा गोल डाग. मी सात वर्षं त्याच डागावर उभा होतो. पण तो माझा नव्हता, हे तेव्हा दिसलं. लई मोठी होती रे ती जागा. मी हात पाठीमागं घेतले आणि माझ्याच जर्सीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

खालच्या गावच्यांचा फॉरवर्ड बॉल घेऊन आला, त्यानं वर बघितलं आणि तो थांबला. त्याला वाटलं ही काहीतरी जर्मन चाल आहे. त्यानं बॉल मागं दिला. मागच्यानंपण बघितलं, त्यानं अजून मागं दिला. ते आपसात ओरडायला लागले, “इट्स अ ट्रॅप!” थोडा वेळ असाच खेळ चालला, आपले दहा त्यांच्या मागं पळतायत आणि ते रिकाम्या गोलला घाबरून मागं चाललेत. मला वाटलं, तू असतास तर…

मग त्यांच्यातल्या एका केसाळ गड्यानं लांबनंच पाय घातला.

बॉल वर गेला. सगळ्यांच्या डोक्यावरनं. बेनी वळला पण त्याच्या डोक्यावरनंपण गेला. एक टप्पा पडला, परत उंच उठला, आणि उजव्या खांबाच्या आतल्या बाजूनं, वरनं, सरळ आत. मला तिथनं दिसत होतं की तो आत जातोय. माझे पाय सुटले. एक पाऊल टाकलं मी. आणि मला खांद्यावर हात जाणवला, त्या पहिल्या दिवशीचा. कुणी नव्हतं. पण मी थांबलो, मर्दा. रिकामी जागा समोर होती आणि मी थांबलो.

बॉल खांबाला लागला. वर, जिथं तो तीन बोटं आत आलाय, तिथं. ठण्ण करून वाजला आणि बाहेर गेला.

बाहेर.

रेफ्रीनं शिट्टी मारली. मी चालत गेलो आणि त्या डागावर उभा राहिलो. मला बॉल नीट दिसत नव्हता. बेनी लांबनं ओरडत होता, “मार ना लवकर!” मी मारला, तो त्यांच्याच माणसाकडं गेला.

पुढची मॅच आक्कानं थोडक्यात लिहायला सांगितलंय. त्यांनी दोन मारले. एक माझ्या पायांमधनं. दुसरा मी पकडला होता, मग सोडला. बेनीनं दोन फेडले, दुसरा अगदी शेवटी, आणि ते काय सांगू, तुझी ती लेफ्ट आउटवाली म्हातारी काळ्या कोटात रेषेवर उभी राहून दोन्ही हात वर करून नाचत होती. बरोबरी. राहिलो आपण. एक वर्ष तरी राहिलो.

संध्याकाळी क्लबात सगळे बसले होते. कुणीतरी तुझा ग्लास भरून तुझ्या खुर्चीपुढं ठेवला होता. मी हिल्डेजवळ गेलो. ती टोपलीत जर्सी गोळा करत होती. मला तिला लई काही सांगायचं होतं. तुझं न ऐकल्याचं, तुझ्या जागेचं, त्या हाताचं. पण तोंड उघडलं आणि आलं ते नेहमीचंच.

“बघितलंस हिल्डे? सहा वर्षं तो म्हणत होता नारळानं खांब बिघडवला. आज त्याच खांबानं क्लब वाचवला. आता तरी मान, माझा नारळ कामाला आला की नाही?”

हिल्डेनं वरसुद्धा बघितलं नाही. “एर्विन मेलाय, तरी त्यानं एकपण सोडला नाही,” ती म्हणाली. “तू जिवंत असून दोन सोडलेस. जर्सी काढ, धुवायचीय.”